दुसऱ्या ऑइल कूलरचा हिशेब

एका ऑइल कूलरपुढे दुसरा जोडून त्याच्या दोन्ही टोकांना तापमान मोजलं, तर उतार हमखास कमी दिसतो आणि दुसरा कूलर बिनकामाचा ठरतो. हा निकाल मला मान्य नाही. समजा, हवा 40 अंश सेल्सिअस, इंजिनातून येणारं तेल 120, आणि कूलर तेल-हवेतल्या फरकाचा 40 टक्के भाग काढून घेतो. म्हणजे तेल 32 अंशांनी उतरून 88 वर येतं. आता तसाच दुसरा, ताजी हवा मिळणारा कूलर पुढे लावला. त्याच्यासाठी फरक उरतो 48 चा, म्हणून तो 19 अंशच काढणार, असं गणित मांडून बरेच जण थांबतात. पण इंजिन तेलात ओतत असलेली उष्णता वाढलेली नाही. प्रवाह तोच असेल, तर सगळं स्थिरावल्यावर दोघांनी मिळूनही 32 अंशच उतरवायचे आहेत. दोघांची एकत्रित क्षमता 64 टक्के असल्याने त्यासाठी 50 अंशांचा फरक पुरतो. तेल 90 अंशांना आत शिरतं. पहिला 20 काढतो, दुसरा 12. एकूण उतार होता तेवढाच राहिला, पण इंजिनातून निघणारं तेल 30 अंशांनी थंड झालं. दुसऱ्याचे 12 दाखवताना पहिल्याचेही 32 चे 20 झाले, हे सांगायलाच हवं.

यावर रास्त आक्षेप असा, की थंड तेल दाट होतं, दोन कूलरांचा अडथळा पंपाला जड जातो आणि प्रवाह घटतो. मग 40 टक्के हा आकडा तरी कायम कुठे राहिला? खरं आहे. म्हणून नव्या तापमानाचा दाटपणा घेऊन गणित पुन्हा करावं लागतं, आणि पंप कमजोर असेल तर तेल दोन्ही कूलरांत वाटून देणंच बरं. पण या अडचणीला रचनेतूनही उत्तर मिळतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच पोर्श 911 गाड्यांत एक पंप इंजिनातलं तेल ओढून पुढच्या मडगार्डमधल्या कूलरमार्गे टाकीत पाठवतो आणि दुसरा पंप टाकीतलं तेल इंजिनावरच्या कूलरमधून बेअरिंगांकडे ढकलतो. तेलाच्या वाटेवर कूलर एकापाठोपाठच आहेत, पण त्यांचा अडथळा एकाच पंपावर पडत नाही.