चारचा चौकोन रिकामा आहे

ऐकणं हा पुणेकराचा जुना व्यासंग. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपण वक्त्याचं निमूट ऐकतो, आभारप्रदर्शनापर्यंत थांबतो आणि जिना उतरता उतरता त्याचं काय चुकलं ते सांगून टाकतो. मीही याच तालमीतला. त्यामुळे बिबवेवाडीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बारकॅम्प आहे असं भाचा म्हणाला, तेव्हा मी आधी विचारलं, ‘‘वक्ते कोण?’’

‘‘मामा, तू आलास तर तूही!’’

रविवारी मार्केट यार्डाची गर्दी मागे टाकून पोचलो. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही. दाराशी एक फळा: आडव्या ओळीत वर्गखोल्या, उभ्या ओळीत वेळा, चौकोन कोरे. ज्याला बोलायचंय त्यानं विषयाची चिठ्ठी चिकटवायची. बघता बघता पायथन, गच्चीवरची बाग, बुडालेलं स्टार्टअप, मोडी लिपी असे विषय शेजारी शेजारी येऊन बसले.

हे वारं कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोचं. संगणक-पुस्तकांचे प्रकाशक टिम ओरायली यांचा ‘फू कॅम्प’ हा मेळावा निमंत्रितांपुरता. म्हणून काही तरुणांनी आठवडाभरात जुळवाजुळव करून ऑगस्ट २००५मध्ये सर्वांना खुलं असं संमेलन भरवलं: पहिला बारकॅम्प. त्याच्या बऱ्याच आधी हॅरिसन ओवेन यांनी अशाच ‘ओपन स्पेस’ सभांसाठी दोन पायांचा नियम घातला होता, आणि तोच इथेही चालतो: जिथे काही मिळत नाही आणि देताही येत नाही, तिथून उठून दुसरीकडे जावं.

हा नियम माझ्या पायांना पेलेना. भर भाषणात उठायचं? एक गृहस्थ ज्ञानाच्या नावाखाली आपल्या कंपनीची जाहिरात करत होते, तरी मी चिकटून बसलो. (इथे निवड करणारं कुणी नसतं, त्याची ही किंमत.) शेजारची पोरं मात्र खुशाल उठून मोडीच्या वर्गात गेली. शेवटी मीही गेलो. तिथे जेमतेम पाच-सहा डोकी. शिकवणारी मुलगी तिसऱ्या वर्षाची. आजोबांच्या दप्तरातला कागद तिनं फळ्यावर अक्षर अक्षर सोडवून दाखवला, आणि तो तास चहाच्या टपरीपर्यंत लांबला.

जिन्यात सवयीनं मी तोंड उघडलं, ‘‘त्या कंपनीवाल्यानं खरं तर…’’

‘‘चारचा चौकोन रिकामा आहे,’’ भाचा म्हणाला.

टीकाकाराची इतकी पंचाईत पुण्यात दुसरीकडे कुठे होत नसेल. तुम्ही जरूर जा. विषय मात्र घरूनच ठरवून न्या; सकाळचे चौकोन भराभर भरतात.