आवाजाचा अन्वय

दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंज्यांग या गावापासून सिंगालीला पर्वताच्या धारेवरून संदकफूपर्यंत जाणारी वाट सुमारे ३१ किलोमीटर लांबीची आहे. संदकफूची उंची ३,६३६ मीटर. पश्चिम बंगालमधील हे सर्वोच्च स्थान. तुमलिंग, गैरीबास, कालीपोखरी अशी वस्तीची ठिकाणे ओलांडत चढणाऱ्या या वाटेवर तांदळाची पोती, पर्यटक आणि प्रसंगी आजारी माणसे यांची ने-आण अनेक दशके जुन्या लँड रोव्हर गाड्यांनी केली. ही गाडी १९४८ साली इंग्लंडमध्ये प्रथम तयार झाली. तिच्या आरंभीच्या मालिकांतील शेवटच्या मालिकेचे उत्पादन १९८५ साली थांबले. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या काही गाड्या मात्र या धारेवर टिकून राहिल्या. त्यांपैकी अनेकींत मूळचे पेट्रोल इंजिन जाऊन भारतीय बनावटीचे डिझेल इंजिन आले, झिजलेले भाग लेथवर घडवले गेले. एखाद्या प्राचीन ग्रंथाच्या पोथीत जसे पिढ्यापिढ्यांचे हात मिसळलेले असतात, तसे या गाड्यांचे झाले आहे. मूळ पाठ कोणता आणि प्रक्षिप्त कोणता, हे सांगणे सोपे नाही.

अशा गाडीचे दुखणे बहुधा आवाजाच्या रूपाने प्रकट होते, आणि मिस्त्रीपर्यंत तो आवाज प्रथम पोहोचतो तो शब्दाच्या रूपाने. वडिलांच्या पश्चात गाडी हाती आलेला एक तरुण चालक हंगामाच्या ऐन तोंडावर मिस्त्रीच्या दाराशी येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "दाजु, मागून ट्वाक्क होतं. कधी कधी ढ्याम्म." नेपाळी भाषेत अशा शब्दांचे भांडार मोठे आहे. मराठी माणसाने हेच गाऱ्हाणे खट्, ठक्, ठण्, खाड्, धाड्, कट्कन, खळ्कन यांतून निवड करीत मांडले असते. मरे एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचा विचार मांडला आणि १९६९ साली ध्वन्यनुकारी शब्दांचा त्याच दृष्टीने अभ्यास केला. आर्य आणि द्राविड अशा भिन्न कुळांतील भाषांनी या शब्दांचे घाट आणि कित्येकदा प्रत्यक्ष शब्दही परस्परांत वाटून घेतले आहेत, हे त्यांनी दाखवले. आपल्या व्याकरणांत या शब्दांना बहुधा शेवटच्या पानावर जागा मिळते. गॅरेजमध्ये मात्र विचाराचा आरंभच त्यांच्यापासून होतो.

मिस्त्री शब्द ऐकून घेतो, पण त्यावर निर्णय देत नाही. त्याला आघातापेक्षा आघातानंतरचे अधिक महत्त्वाचे असते. आवाज तिथल्या तिथे मिटतो, की क्षणभर घुमतो? पाट्यांच्या टोकांतील बुश झिजले, तर येणारा ठोका बसका आणि मुका असतो. गिअरपेटीकडून मागच्या आसाकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट ही पोकळ नळी असल्याने तिच्या सांध्यातील सैलपणाला धातूचा ठणका असतो. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने व्याकरणकारांकडून 'ध्वनी' हा शब्द उचलून काव्यविचारात आणला आणि व्यंग्यार्थाच्या एका प्रकाराला घंटेच्या टोल्यामागून येणाऱ्या अनुरणनाची उपमा दिली. मिस्त्रीला आनंदवर्धन ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु टोला आणि अनुरणन यांतील भेद त्याच्याही शास्त्राचा पाया आहे.

यानंतर प्रश्न येतात, आणि ते सर्व 'केव्हा' या एकाच शब्दाभोवती फिरतात. क्लच सोडताना होते का? उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की होते का? ब्रेक दाबताच एकदाच होते, की चाकाच्या फेऱ्यांबरोबर पुनःपुन्हा? खड्ड्यात होते, की सपाटीवरही? सुकाणू वळवताना? प्रत्येक उत्तराने गाडीचा एकेक प्रदेश संशयातून मुक्त होतो. जोराची दिशा बदलताना होणारा ठोका इंजिनापासून चाकापर्यंतच्या साखळीत कुठेतरी सैलपणा असल्याचे सुचवतो. ब्रेकसरशी एकदाच होणारा आवाज पाट्यांचे बुश किंवा सैल झालेले यू-बोल्ट यांच्याकडे बोट दाखवतो, कारण त्या क्षणी संपूर्ण आस जागच्या जागी वळू पाहतो. खड्ड्यागणिक होणारा आवाज शॅकल आणि शॉकअप यांचा. फेऱ्यांच्या लयीत येणारा आवाज एखाद्या तुटक्या दात्याचाही असू शकतो. न्यायसूत्रांत अनुमानाचा शेषवत् हा प्रकार सांगितला आहे. वात्स्यायनाने त्याचे दोन अर्थ दिले. फुगलेल्या नदीवरून वर पडून गेलेल्या पावसाचे ज्ञान व्हावे, तसे कार्यावरून कारणाकडे जाणे हा एक. आणि संभाव्य पर्याय एकेक करून निरस्त झाल्यावर जे उरते त्याचा स्वीकार करणे हा दुसरा. मिस्त्री पहिल्याने आरंभ करतो आणि दुसऱ्याने शेवट.

चालकाची उत्तरे स्वच्छ होती. आवाज क्लच सोडताना येई, उतारावर पाय काढल्यावर येई. खड्ड्याशी त्याचा संबंध नव्हता. गाडी सपाट जागेवर घेऊन चाकांना दगडांची उटी लावण्यात आली आणि मिस्त्री खाली शिरला. या गाडीचा हातब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसमधून मागे निघणाऱ्या दांड्यावर ड्रम बसवलेला असतो, तो हा ब्रेक धरतो. मिस्त्रीने याच रचनेचा तपासासाठी उपयोग केला. हातब्रेक ओढला की ड्रमच्या पुढचे सारे गप्प होते. तरीही शाफ्ट हाताने मागेपुढे फिरत असेल, तर दोष ड्रमच्या मागे आहे. ब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये ठेवली, की पेटीच्या आतला सैलपणाही त्यात मिळतो. दोहोंतील अंतर म्हणजे पेटीचा वाटा. अन्वय आणि व्यतिरेक यांची इतकी साधी मांडणी पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडेल.

पुढचा भाग मोजमापाचा. या गाडीच्या मागच्या आसात प्रोपेलर शाफ्टाचे ४.७ फेरे झाले, तर चाकाचा एक होतो. याचा अर्थ असा, की दोन्ही चाकांकडच्या दांड्यांच्या खाचांत एकेका अंशाचा सैलपणा असला, तर शाफ्टाशी तो ४.७ अंश होऊन प्रकटतो. चाकाजवळची अल्पशी झीज मध्यभागी मोठ्याने बोलते. म्हणूनच मोठा आवाज हा मोठ्या दोषाचाच असेल असे नाही, आणि लहान आवाज निरुपद्रवी असेल असेही नाही. या गाडीत नेमके तेच होते. शाफ्ट बराच फिरत होता, परंतु त्यातील बहुतेक भाग जुनाट, सर्वत्र विखुरलेल्या झिजेचा होता. मिस्त्रीची टॉमी मात्र पुढच्या सांध्याशी थांबली. तेथील क्रॉसच्या एका टोपीभोवती गंजाची बारीक लाल भुकटी साचली होती. सुई-बेअरिंगमधील ग्रीस संपले, सुया कोरड्या घासल्या, त्यांचे पीठ झाले. ही ती भुकटी. "याच्या आधी महिनाभर चिवचिव ऐकू येत होती ना, पाखरासारखी?" मिस्त्रीने विचारले. चालक क्षणभर थांबून म्हणाला, "येत होती, दाजु. मग आपोआप बंद झाली. बरं वाटलं."

गाडीच्या आयुष्यात काही आवाजांचे थांबणे हेच अशुभ असते.

चालकापुढचा प्रश्न मात्र तर्कशास्त्राचा नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रवासी ठरलेले होते. हप्ता थकला होता. नवा क्रॉस सिलिगुडीहून येईपर्यंत दोन दिवस जाणार होते. एक फेरी करून येतो, असे तो म्हणाला. मिस्त्रीने नकार दिला नाही, त्याने केवळ रचना समजावून सांगितली. मागचा शाफ्ट सांध्यातून सुटला, तर मागच्या चाकांना जोर मिळणार नाही, हे कोणालाही कळते. पण हातब्रेकही त्याच शाफ्टातून चाकांपर्यंत पोहोचतो. शाफ्ट गेला की ड्रम घट्ट धरलेला असूनही चाके मोकळी होतात. पायाचा ब्रेक तेवढा उरेल. परंतु चढावर थांबून उतरायचे, चाकाखाली दगड लावायचा, तर तो दगड लावणारा कोण? पिवळी मूठ दाबून पुढची चाके जोडलेली असतील, तर पुढच्या शाफ्टामार्फत ब्रेकचा थोडा आधार राहील. नसतील तर नाही. शिवाय पुढच्या टोकाशी सुटलेला फिरता शाफ्ट जमिनीला टेकला, तर काय होईल, हे त्याने बोलून दाखवले नाही. "भाइ, गाडी तुझी आहे," एवढेच तो म्हणाला. चालक बराच वेळ दारात उभा राहिला. मग त्याने प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवून दिले. त्या फेरीचे पैसे गेले, आणि हप्ता आणखी एका महिन्यावर गेला.

क्रॉस बदलला. ठणका गेला. तरीही काहीतरी उरलेच. क्लच सोडताना एक बुटका ठोका, आणि काँक्रीट झालेल्या भागात वळणानंतर अधूनमधून मोठा 'ढ्याम्म'. चालक चिडून परतला. मिस्त्रीने दोन्ही आवाज ऐकले आणि दोन्ही तसेच ठेवले. मोठ्या आवाजाचे कारण दोष नव्हेच. या गाडीत पुढच्या व मागच्या आसांच्या दरम्यान डिफरन्शियल नाही. चारही चाके जोडलेली असताना वळण घेतले, की पुढची चाके अधिक अंतर तोडतात आणि दोन्ही शाफ्टांत पीळ साठत जातो. दगडगोट्यांच्या वाटेवर चाके थोडी घसरून तो पीळ गुपचूप सोडवत. कठीण रस्त्यावर घसरायला जागा नाही, म्हणून तो एकदम सुटतो. उपाय साधा: कठीण रस्त्यावर पुढची चाके जोडू नयेत. बुटक्या ठोक्याला मात्र एक असे कारण नव्हते. खाचांत थोडे, दात्यांत थोडे, पिनेत थोडे. कोणताही एक भाग बदलण्याइतका दोषी नाही आणि कोणी पूर्ण निर्दोषही नाही. "हा गाडीच्या वयाचा आवाज आहे. त्याच्याशी ओळख ठेव. वाढला की ये."

निदानाचा खरा कस दोष सापडण्यात जितका असतो, तितकाच काय सोडून द्यायचे हे ठरवण्यात असतो. प्रत्येक अपपाठ दुरुस्त करू पाहणारा संपादक अखेर ग्रंथच हरवून बसतो. कोणताच अपपाठ न पाहणारा वाचकाला दरीत नेतो. नव्या गाड्यांत यंत्रच आपल्या विकारांची सांकेतिक अंकांत नोंद ठेवते, आणि ती नोंद अनेक बाबतींत कानाहून अचूक असते. परंतु बुश, क्रॉस आणि पाटे यांच्या झिजेवर अशी पाळत सहसा नसते. तेथे आजही कोणीतरी ऐकावे लागते आणि ऐकलेले दुसऱ्याला सांगावे लागते.

पुढच्या हंगामात तो चालक पुन्हा आला. या वेळी त्याने आवाजाचे नाव घेतलेच नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, उतारावर, पाय काढल्यावर, गाडी गरम झाली असताना, डाव्या बाजूने, असे त्याने क्रमाने सांगितले. मिस्त्रीने सर्व ऐकून घेतले, समाधानाने मान हलवली आणि विचारले, "ठीक. आणि आवाज कसा?"