टाच टेकते तिथं सम

पावलीला पखवाज वाजवताना आपल्या हाताकडं बघायचं नसतं, समोरच्याच्या पायाकडं बघायचं असतं. हे मला कुठल्या गुरुजींनी सांगितलं नाही, तात्यांकडं बघून कळलं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. लिंबागणेशला भालचंद्राच्या देवळात चतुर्थीचं भजन असो की आषाढीची दिंडी, टाळकऱ्यांच्या रांगेत त्यांची जागा ठरलेली, बरोबर माझ्या समोर.

दोन्ही बाजूंना टाळकरी आणि मधे पखवाजी. टाळकरी पुढं येतात, मागं सरतात, वाकून बसतात, उसळून उठतात. आठ मात्रांचा ठेका संथ सुरू होतो आणि चढत जातो. नवखा पखवाजी इथंच घात करतो. बोटं गरम झाली की लय पळवतो, आणि बैठकीतून उठायला म्हाताऱ्या गुडघ्यांना वेळ लागतो हे त्याच्या गावीही नसतं. तात्यांचा उजवा घोटा उसाच्या फडात कोयता लागून दुखावलेला. उठताना ते सगळा भार डाव्या पायावर घ्यायचे. डावी टाच टेकली की अंग सरळ, हात वर, टाळ खणकन. ती टाच टेकायची तिथं माझी सम. थाप आधी पडलीच तर तात्या बोलायचे काही नाहीत, नुसत्या भुवया वर जायच्या.

तात्या आणि काकू बरीच वर्षं कोयत्यावर गेले. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड कारखान्याच्या तळावर, बांबू-पाचटाच्या कोपीत. परत यायचं ते ऊन तापल्यावर. असा निम्मा जन्म उघड्यावर काढलेल्या माणसाला आषाढात पुन्हा राहुटीत निजायची हौस कशी, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “तिथं मुकादम उठवतो गड्या, इथं काकडा.”

पैठणहून नाथांची पालखी रायमोहा, पाटोदा करत परांड्याकडं उतरते. आम्ही पाटोद्याला तिला मिळायचो. मुक्कामाच्या रानात इतरांचा चहा होईतो तात्या उतार बघत हिंडायचे. राहुटी उंचवट्यावर, वरच्या अंगाला चर, मगच पाठ टेकायची. राहुटीचे दोर सुती. सुती दोर भिजला की आखडतो आणि रात्रीतून खुंट्या उपसतो, म्हणून आभाळ भरलं की ते दोर सैल करत फिरायचे. चामड्याचं उलटं, ओल लागली की ते ढिलं पडतं. म्हणजे एकाच ढगाखाली ते दोर सोडायचे आणि मी हातोडीनं गट्टे ठोकून वाद्या ताणायचो. पखवाज राहुटीत मधोमध, सगळ्यात कोरड्या जागी. काकू करवादायच्या, “लेकरं वल्ली अन् वाजंत्र कोरडं!” मग नातवंडांवर तात्यांचं घोंगडं पडायचं आणि ते स्वतः दाराशी शिंतोडे खात बसायचे. खूश असायचे.

करवादायच्या खऱ्या, पण पखवाजासाठी गव्हाचं पीठ बांधून घ्यायच्या त्या काकूच. आमच्याकडं जेवण ज्वारीच्या भाकरीचं, डाव्या पुडीला मात्र गव्हाचीच कणीक लागते. ज्वारीचं पीठ धरून राहत नाही. ती भिजवावी तर काकूंनीच. जास्त सैल झाली तर थाप भदभदते, घट्ट झाली तर वाळून खपली निघते.

गेल्या श्रावणात तात्या गेले. वारकऱ्याचं घर, त्यामुळं नेताना भजन होतंच. पखवाज माझ्याच गळ्यात. खांदेकऱ्यांच्या पायांना लय नसते, खांदा बदलला की मोडते; तरी एक-दोघांनी मागून “जरा उचला” म्हणून खुणावलं. मी ठेका संथच ठेवला.

त्यांची नात आता टाळ घेते. पाय हलका आहे, पावली गोड घेते, पण बैठकीतून अर्धी मात्रा आधी उठते. तिला सांगून बघितलं. म्हणते, “काका, तुम्हीच हळू वाजवता.” गुडघे कोवळे आहेत, तिचंही खरंच असेल. सध्या बैठकीपुरता मी ठेका किंचित पुढं घेतो, आणि बाकीचे टाळकरी माझ्याकडं डोळे वटारतात.