कासचं पाणी, बोअरचं पाणी

माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. दोन्हीकडे गॅलरीत डेंड्रोबियम ऑर्किड आहेत, एकाच नर्सरीतून घेतलेले. तिकडचे आई बघते, इकडचे मी, बँकेत निघायच्या आधी जमेल तेवढं. आईच्या झाडांना फुलं जास्त येतात. लोक म्हणतात, हवेचा फरक. सांगलीचा एप्रिल चाळिशीला टेकतो हे खरं. पण बाजारात मिळणारं डेंड्रोबियम बहुतेक थायलंडकडच्या संकरित जातीचं, उकाड्याला भिणारं नव्हे. माझ्या मते फरक पाण्याचा.

आमच्या साताऱ्याच्या घरी नळाला कासचं पाणी येतं. जांभ्या सड्यावरचा पाऊस तलावात साठतो आणि उतारानं शहरात येतो. त्यात क्षार ते किती असणार! इथे आमच्या इमारतीला बोअर. काळ्या रानाखालचं पाणी, डाळ लवकर शिजू न देणारं. नळाच्या तोंडाला धरतो तोच पांढरा थर कुंडीतल्या कोळशावरही धरतो.

ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना चंदेरी, पाणी पडलं की बघता बघता हिरवं. पाण्यात असेल नसेल ते सगळं तिथे मुरतं. क्षार साचले की आधी मुळाचं कोवळं टोक काळं पडतं, मग पानांचे शेंडे करपतात. ‘ऊन लागलं’ म्हणून कुंडी आत सरकवली जाते आणि उजेड कमी पडून उरलीसुरली फुलंही जातात.

म्हणून पावसाळ्यात पागोळीखाली पिंप लावते, वर घट्ट कापड बांधून. डासांना निमंत्रण नको. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, त्यात गच्चीवरची धूळ असते. पिंप आटलं की एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी. बँकेतून बाटली भरून आणते, शिपाईमामा हसतात. आरओ फिल्टरचं बाहेर पडणारं पाणी मात्र कधीच नाही. वाया जाऊ नये म्हणून पुष्कळजण ते झाडांना घालतात, पण गाळून मागे राहिलेले क्षार त्यातच असतात.

बाकीच्या बाबतीत सांगली उदार. तासगावच्या द्राक्षवाल्यांमुळे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ खताची किलोची पिशवी मिळते. लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही झाड वाढत असताना. पिशवी संपता संपत नाही. शेडनेटचा तुकडाही तिथेच. कुंडीत कोळसा, विटांचे तुकडे, थोडी नारळाची सोडणं. माती अजिबात नाही.

सिंबिडियम घेत नाही. हिवाळ्यात नर्सरीत फुललेलं दिसतं, मोह होतो. पण त्याला सिक्कीमसारख्या गार रात्री लागतात. सांगलीच्या गॅलरीत ते पुन्हा फुलण्याची आशा नको. हवंच असेल तर गुच्छाचे पैसे मोजतोय असं समजून घ्यावं.