‘शंभरचा एमसीसीबी द्या’ म्हणण्याआधी

पॅनेलचं ड्रॉइंग समोर आलं की बहुतेकांची नजर अँपिअरवर जाते. लोड ऐंशी, म्हणजे शंभरचा एमसीसीबी, झालं काम. मी आधी ट्रान्सफॉर्मर कुठला ते विचारतो. रोजच्या लोडसाठी शंभर ठीकच आहे. पण ब्रेकरची खरी परीक्षा शॉर्टसर्किटच्या क्षणी होते आणि तेव्हा किती करंट धावून येणार, हे मुख्यतः ट्रान्सफॉर्मर ठरवतो.

हिशेब अवघड नाही. ६३० केव्हीए, ४३३ व्होल्ट, म्हणजे फुल लोड करंट ८४० अँपिअर. पाटीवर इम्पीडन्स ५ टक्के असेल तर ८४० ला ०.०५ ने भागायचं: जवळपास १७ किलोअँपिअर. लांब केबलपलीकडच्या बोर्डावर हा आकडा बराच उतरतो. मेन पॅनेलमध्ये ती सवलत नाही. फीडर ३२ चा असो की ४०० चा, बसबारवरचा फॉल्ट दोघांनाही तेवढाच झेलावा लागतो.

पुढे कारखाना वाढतो. तसाच दुसरा ट्रान्सफॉर्मर येतो, बसकपलर ऑन ठेवून दोन्ही समांतर चालवले जातात आणि फॉल्ट लेव्हल ३३-३४ किलोअँपिअरवर जाते. जुने, २५ किलोअँपिअरपर्यंतचाच फॉल्ट तोडू शकणारे ब्रेकर मात्र तिथेच. जुन्या फीडरांवर लोड वाढलेला नसतो, काही ट्रिप होत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. मला हीच स्थिती सगळ्यात धोक्याची वाटते.

फॉल्ट तोडण्याच्या या क्षमतेचे कॅटलॉगमध्ये आयसीयू आणि आयसीएस असे दोन आकडे असतात. आयईसी ६०९४७-२ प्रमाणे आयसीयूच्या चाचणीत ब्रेकर फॉल्ट तोडतो, पुन्हा फॉल्टवरच क्लोज करून पुन्हा तोडतो. त्यानंतर तो रेटेड करंट वाहायला लायक राहिलाच पाहिजे, अशी अट नाही. आयसीएसच्या चाचणीत आणखी एकदा तोडूनही तो लायक राहावा लागतो. कुठे आयसीएस आयसीयूच्या ५० टक्के असतो, कुठे १००. भावातला फरक बऱ्याचदा इथेच दडलेला असतो. इनकमरला आणि ज्या फीडरवर उत्पादन अडकलंय त्याला मी १०० टक्केवालाच घेतो.

मग उष्णता. थर्मल-मॅग्नेटिक ब्रेकर सहसा ४० अंशांवर कॅलिब्रेट केलेला असतो. बुटीबोरीत मे महिन्यात बाहेरच ४५ असतात, पत्र्याच्या बंद पॅनेलमध्ये त्याहून जास्त. मग शंभरचा ब्रेकर नव्वदच्या आसपासच ट्रिप होऊ लागतो. दुपारी दोनदा लाइन बंद पडली की वैतागून त्या जागी १६० चा बसवला जातो. केबल मात्र जुनीच. ब्रेकर आता गप्प बसतो आणि केबल तापत राहते. डीरेटिंगचा तक्ता कॅटलॉगमध्ये असतो. तो आधीच पाहून पुढचं रेटिंग आणि त्याला साजेशी केबल एकत्र घेतली तर हा प्रसंगच येत नाही. इलेक्ट्रॉनिक रिलीजचं ट्रिपिंग तापमानाने फारसं हलत नाही, पण टर्मिनल तापायचं ते तापतंच. तक्ता तिथेही बघावा लागतो.

आणि बॉक्समधल्या फेज बॅरिअरच्या त्या पातळ पट्ट्या! कित्येक ठिकाणी त्या खोक्याबरोबर कचऱ्यात जातात. फॉल्ट तुटताना ब्रेकरमधून तापलेला, वीजवाहक झालेला वायू बाहेर फेकला जातो. तो दोन फेजांना जोडू नये म्हणून त्या असतात. त्या बसवल्याशिवाय पॅनेल चार्ज करू देऊ नका.

पॅनेल बिल्डरला ऑर्डर देताना लोडलिस्टसोबत ट्रान्सफॉर्मरच्या पाटीचा फोटो, केबलचा साइज आणि लांबी, पॅनेल कुठे बसणार आणि पुढे ट्रान्सफॉर्मर वाढणार आहे का, एवढं कृपा करून लेखी कळवा.