हिरवी कॉफी

त्या नोव्हेंबरात लोकांनी मला सगळ्यात जास्त वेळा काय विचारलं असेल, तर ‘‘दीदी, ये कौन सी दाल है?’’

डाळ नव्हती ती. कॉफी होती. न भाजलेली, करड्या-हिरव्या रंगाची, नाकाशी धरली तर वाळल्या गवतासारखा वास येणारी. काचेच्या तीन वाडग्यांत मांडून ठेवली होती. ही कॉफी आहे असं सांगणाऱ्या पाट्याही, कॉफी ज्या देशाची तिथूनच छापून आल्या होत्या, छान जाड पुठ्ठ्यावर. फक्त फ्रेंचमध्ये.

ही 2004 सालची गोष्ट. आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा केंद्र सरकारात होते. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि संध्याकाळी फ्रेंचचा डिप्लोमा करत होते. प्रगती मैदानावर दर वर्षी 14 ते 27 नोव्हेंबर आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो, तिथं एका छोट्या देशाच्या दालनाला फ्रेंच आणि हिंदी दोन्ही येणारं माणूस हवं होतं. देशाचं नाव सांगत नाही. माझ्या चौदा दिवसांच्या अनुभवावरून कुणी त्या देशाला नावं ठेवावीत, हे बरं नाही. रोजचे अडीचशे रुपये आणि दुपारचं जेवण ठरलं होतं. पैसे मिळाले. जेवण एकदाही आलं नाही.

जायची सोय मात्र झकास होती. तेव्हा आमच्याकडे मेट्रो नव्हती, पण रिंग रेल्वे होती. सरोजिनी नगरचं ते उजाड स्टेशन बाजारात येणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊकही नसतं. मालगाड्यांसाठी टाकलेली ही लाइन 1982च्या एशियाडच्या वेळी प्रवाशांसाठी सजवली, आणि एशियाड संपल्यावर लोक तिला विसरले. सकाळच्या गाडीत बसलं की लोदी कॉलनी, लाजपतनगर, निजामुद्दीन करत थेट प्रगती मैदान. डब्यात बहुतेक कचेऱ्यांतले शिपाई आणि दुधाच्या किटल्या.

आमचं दालन म्हणजे एका मोठ्या हॉलमधला पांढऱ्या पॅनेलांचा चौकोन. वर पट्टीवर देशाचं नाव. त्यातलं एक अक्षर चुकलेलं होतं. ते मी पहिल्या दिवशी काळ्या मार्करनं दुरुस्त केलं आणि ती दुरुस्ती शेवटच्या दिवसापर्यंत तशीच राहिली. भिंतीवर लाकडी मुखवटे, समुद्राचे फोटो, राष्ट्राध्यक्षांचा फोटो. आणि मधोमध सोफा. तीन माणसांचा एक आणि एकेकट्याचे दोन, शिवाय काचेचं टेबल, त्यावर प्लॅस्टिकची फुलं. जागेतला एक-तृतीयांश भाग त्या सोफ्यानं खाल्ला होता. मान्यवर आले तर बसतील कुठं, हा प्रश्न कुणीतरी फार मन लावून सोडवला होता. बाकी कुणी आलं तर त्याला दाखवायचं काय, तो प्रश्न तसाच राहिला.

दालनाचे साहेब उद्घाटनाला आले, फीत कापली, सोफ्यावर बसून फोटो काढला. त्यांच्या हाताखालचा एक तरुण अधिकारी रोज यायचा. स्वभावानं गरीब बिचारा. त्याला कसलाच अधिकार नव्हता. खिळा ठोकायचा तरी तो फोन करून विचारायचा आणि तिकडून उत्तर यायचं दुसऱ्या दिवशी. देशातून कॉफी दळायचं एक सुंदर यंत्र आलं होतं. त्याच्या प्लगला दोन गोल जाड दांड्या, आपल्या सॉकेटात न जाणाऱ्या. बाहेर मथुरा रोडवर नाही तरी आमच्या बाजारात पंचवीस-तीस रुपयांत अ‍ॅडाप्टर मिळाला असता. मी आणते म्हटलं. तो म्हणाला, खरेदीला मंजुरी लागते. मंजुरी आली, तेव्हा कळलं की आम्ही वीजजोडणीच्या फॉर्मवर फक्त दिव्यांचा भार लिहिला होता. यंत्र चौदा दिवस चकचकीत पुसून ठेवलं.

खरी गंमत कॉफीचीच. पोती वेळेवर निघाली होती, पण विमानतळावर अडकली. न भाजलेली कॉफी हे कायद्यानं बी असतं. त्यातून कीड, रोग येऊ शकतात, म्हणून त्याला पीकरोगमुक्तीचा दाखला लागतो आणि इथं तपासणी होते. यात कुणाची काही चूक नाही. चूक एवढीच, की दाखला पोत्यांबरोबर न पाठवता मागाहून पाठवायचा, असं कुणीतरी कुठंतरी ठरवलं. पोती आली सहाव्या दिवशी. मेळ्याचे पहिले काही दिवस व्यापाऱ्यांसाठी राखीव असतात, ते तोवर संपले होते. ज्यांना हिरवी कॉफी कळते, भाव विचारायचा असतो, पोतं फोडून दाणा दातांखाली धरायचा असतो, असे लोक येऊन, मुखवटे पाहून, आपली कार्डं ठेवून निघून गेले होते. एक बेंगळुरूचे गृहस्थ तर दोनदा आले. ती सगळी कार्डं रबर लावून मी अधिकाऱ्याकडे दिली. शेवटच्या दिवशी सोफा हलवताना तो गठ्ठा गादीच्या फटीत सापडला.

मग दारं सगळ्यांना उघडली आणि दिल्ली आत लोटली. हा मेळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना ती गर्दी सांगून कळायची नाही. पानिपत-मेरठपासून बसगाड्या भरून माणसं येतात. राज्यांच्या दालनांपुढे खाण्यासाठी रांगा, अंगाखांद्यावर पोरं, हातात फुकटच्या पिशव्या. आमच्यासमोरून माणसांची नदी वाहायची, क्षणभर थबकायची, डाळीचा प्रश्न विचारायची आणि शेजारच्या सुक्या मेव्याच्या दालनात शिरायची. तिथला पठाण बदाम फोडून हातावर ठेवत होता.

मला त्या देशाची माहिती द्यायला कुणी शिकवलं नव्हतं. माहितीपत्रकं होती, तीही फ्रेंच, आणि तिसऱ्या दिवशी संपली. मग मी ठोकून द्यायला लागले. एक सरकारी शाळेतला मुलगा आला, निळा शर्ट, काखेत वही. मास्तरांनी दहा देशांची माहिती लिहून आणायला सांगितली होती. त्यानं विचारलं, तिथले लोक काय खातात? मी म्हटलं, मासे आणि भात. समुद्राचे फोटो होते, म्हणजे मासे असणारच. भात मी मनानं घातला, मराठी माणसाच्या. त्यानं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत ते वहीत लिहिलं. मग विचारलं, तिथला राष्ट्रीय पक्षी कोणता? मी म्हटलं, पोपट. वीस वर्षं होऊन गेली, ते ‘पोपट’ अजून बोचतं. पुढं मी शोधून पाहिलं. भात बरोबर निघाला.

दुपारी मी पोळीचा डबा घेऊन बाहेर गवतावर बसायची. समोर हॉल ऑफ नेशन्स. 1972च्या एशिया मेळ्यासाठी राज रेवल आणि महेंद्र राज यांनी उभारलेला तो त्रिकोणांचा प्रचंड सांगाडा. असले सांगाडे जगभर पोलादाचे करत. आपल्याकडे तेवढं पोलाद नव्हतं, म्हणून तो कामगारांनी जागेवर काँक्रीट ओतून केला. 2017च्या एप्रिलमध्ये तो एका रात्रीत पाडला, तेव्हा मी ठाण्यात होते. टीव्हीवर ढिगारा पाहून मला तो पोळीचा डबा आठवला. हाताशी आहे त्यात काम उभं करणारी माणसं एकेकाळी याच मैदानावर वावरली होती. आणि पलीकडे आमच्या दालनात एका प्लगसाठी सही थांबली होती.

संध्याकाळी घरी येताना बाजारातून यावं लागे. आमच्या बाजारातला पटरीवाला बघा. निर्यातीतून उरलेल्या, लेबलाची अर्धी पट्टी कापलेल्या कपड्यांचा ढीग त्याच्यासमोर असतो. कुठला कंटेनर रद्द झाला, कुठल्या टॉपची शिवण उसवणार, कुठला एका धुण्यात जाईल, सगळं त्याला पाठ. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत त्याचा हात बरोबर मापाच्या कपड्यावर. सोफा नाही, फीत नाही, पालिकेची गाडी आली तर चादरीची चार टोकं धरून पळायची तयारी. मी आमच्या कोपऱ्यावरच्या भैयाला कॉफीचं रडगाणं सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘कच्चा माल दिखाओगे तो कच्चा ही जवाब मिलेगा ना.’’

आठव्या दिवशी मी मूठभर दाणे रुमालात बांधून घरी आणले. आईनं चिमटीत धरून पाहिले, आणि तिनंही विचारलं, ‘‘अगं, कसली डाळ ही?’’

आमच्या वरच्या मजल्यावर कुंभकोणमच्या मामी राहायच्या. सरोजिनी नगरात तेव्हा प्रत्येक जिन्यात एक तरी मामी असायचीच. त्यांनी दाणे पाहिले आणि त्यांचा चेहराच बदलला. माझ्या हातातून रुमाल घेतला, एक दाणा नखानं टोकरला, वास घेतला. ‘‘पीबेरी भी है इसमें,’’ म्हणाल्या. फळात दोन चपट्या बिया असतात त्याऐवजी कधी एकच गोल बी धरते, ती पीबेरी. लहानपणी माहेरी रोजची कॉफी घरीच भाजायचे, म्हणाल्या. ‘‘और लाओ.’’

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याला सांगून मी दोन किलो आणले. तो ‘बरं’ म्हणाला, कारण नाही म्हणण्याचा अधिकारही त्याला नव्हता. मामींनी लोखंडी कढई चढवली. मंद आचेवर एकसारखं हलवायचं, हात थांबवायचा नाही. आधी गवताचा वास, मग भिजलेल्या पोत्याचा, मग ब्रेड भाजल्यासारखा. दाणे पिवळे झाले, मग दालचिनीच्या रंगाचे. दहा-बारा मिनिटांनी तडतड सुरू झाली, मक्याच्या लाह्यांसारखी, पण बारीक. मामींनी गॅसकडे न बघता कान कढईकडे लावला होता. तडतड मंदावली तशी त्यांनी कढई उतरवून दाणे परातीत पसरले आणि आईला म्हणाल्या, ‘‘पंखा.’’ आईनं वर्तमानपत्रानं वारा घातला, टरफलं स्वयंपाकघरभर उडाली. वास जिन्यातून खाली गेला. तळमजल्यावरचे त्यागी अंकल बनियनवर वर आले आणि काही न बोलता दारात उभे राहिले.

पुढच्याच दिवशी मी भाजलेली कॉफी डब्यात घालून नेली. मिक्सरवर भरडलेली थोडी वेगळी, आणि घरचा मोठा थर्मास. तिन्ही हिरव्या वाडग्यांशेजारी भाजलेल्या दाण्यांचा एक वाडगा ठेवला, वहीच्या कागदावर हिंदीत लिहिलं, ‘यह भी वही है’. थर्मासचं झाकण काढलं. दहा मिनिटांत सोफ्यापर्यंत माणसं. लोक हिरवा दाणा उचलत, मग काळा, पुन्हा हिरवा. एका म्हातारबांनी दोन्ही तोंडात टाकून चावून पाहिले. बायका विचारत होत्या, घरी भाजता येते का, कढई लोखंडीच हवी का. त्या देशाचं नाव लोकांनी त्या दुपारी पहिल्यांदा उच्चारलं, आणि ते मार्करनं दुरुस्त केलेल्या पट्टीवरून वाचून.

अडीचच्या सुमारास साहेब आले. उद्घाटनानंतर पहिल्यांदाच, पाहुणे घेऊन. सोफ्यावर एक बाई बाळाला पाजत बसली होती. साहेबांनी थर्मास पाहिला. खाद्यपदार्थ द्यायला परवानगी घेतली आहे का? नव्हती. घरी भाजलेला माल देशाचा म्हणून दाखवता येतो का? ते मला ठाऊक नव्हतं. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं, हे मी आजही मान्य करीन. थर्मास टेबलाखाली गेला, वाडगा कपाटात गेला, दोन तासांत पुन्हा डाळ सुरू झाली.

हे सगळं मला पुढं एकदा पुन्हा आठवलं. 2025 साली ओसाकाचं जागतिक प्रदर्शन 13 एप्रिलला उघडलं, तेव्हा आपल्या भारताचं दालन तयार नव्हतं. ते मे उजाडल्यावर उघडलं. शांघायला 2010मध्ये आपणच बांबूचा भलामोठा घुमट उभारून दाखवला होता, तेव्हा येत नाही असं नाही. ओळखीतल्या लोकांनी ती बातमी वाचून बरीच बोटं मोडली. मला मात्र बंद दाराआड फोन धरून बसलेला कुणी एक तरुण अधिकारी दिसत राहिला.

मेळ्याच्या शेवटच्या संध्याकाळी सुतार पॅनेलं उचकटत होते आणि आमचा अधिकारी खोक्यावर बसून अहवाल भरत होता. ‘भेट देणाऱ्यांची संख्या’. त्यानं माझ्याकडे पाहिलं. कुणी मोजलीच नव्हती. त्यानं बरीच शून्यं असलेला एक आकडा लिहिला. ‘सूचना’ या रकान्यासाठी मी सांगितलं, पुढच्या वेळी भाजलेली कॉफी पाठवा. त्यानं ते लिहिलं, वाचलं, आणि मग सावकाश खोडलं. म्हणाला, हे वर गेलं तर विचारतील की भाजलेली तुम्हाला कुठून मिळाली.

पुढच्या वर्षी मी गेले नाही. 29 ऑक्टोबर 2005ला, दिवाळीच्या तोंडावर, आमच्या बाजारात बॉम्बस्फोट झाला होता, आणि गर्दीच्या कुठल्याही जागी जायचं नाव काढलं की आई दारात आडवी उभी राहायची. माझ्या जागी डिप्लोमाच्या वर्गातली मैत्रीण गेली. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. पोती या खेपेला वेळेवर पोचली होती. हिरवीच.