मातीखालचे सोयरे

घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सर्वांत खालच्या थरात इ. स. पूर्व १६०० च्या सुमाराची माळवा पद्धतीची रंगीत भांडी निघाली. तशीच भांडी नर्मदाकाठीही सापडतात; तेव्हा हे शेतकरी उत्तरेकडून आले, असे अभ्यासक मानतात. पुढे १४०० च्या सुमारास तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली जोर्वे भांडी आली. जोर्वे हे संगमनेरजवळचे गाव, त्यावरून हे नाव.

नुसत्या भांड्यांवरून माणसांचा माग काढणे मला फारसे पटत नाही. आमच्या घरी स्टीलचे डबे आहेत, म्हणून आम्ही काही जमशेदपूरचे नव्हे! पण त्याच घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली, तिथे मी थबकलो. राखी रंगाचे, हाताने घडवलेले दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले; आत बाळ. सोबत जोर्वेची नक्षीदार वाटी, तोटीचा चंबू. कुंभात मूल पुरण्याची रीत आणि ती राखी भांडी कर्नाटकातील नवाश्मयुगीन वस्त्यांशी नाते सांगतात. वाटी बाजारात मिळते. आपले गेलेले मूल कसे निजवायचे, हे आई नाहीतर आजी सांगते. त्या घरांत दक्षिणेकडच्या लेकी सुना होऊन आल्या असाव्यात, असा माझा आपला तर्क.

मोठी माणसे मात्र उताणी पुरलेली, पावले घोट्यापासून तोडलेली. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून, असे सर म्हणाले.

हे माझ्या इतके मनाला लागले, कारण आम्ही धरणग्रस्त. गाव पाण्याखाली गेले आणि आजोबा या मुलखात आले. सातबारा मिळाला, रेशनकार्ड मिळाले. पण वस्तीतले पहिले माणूस गेले, तेव्हा गावच्या स्मशानात जागा द्यायची की नाही यावर मध्यरात्रीपर्यंत खल चालला. प्रेत ओसरीवर होते. वडील तेव्हा दहा वर्षांचे. ही हकिगत ते अजून पुरती सांगत नाहीत.

माझी थोरली वहिनी त्याच गावातली. गेल्या वर्षी तिच्या बाळाची पाचवी झाली. सटवाई मांडली ती तिच्या माहेरच्या पद्धतीने. नैवेद्याला आजीने आमच्याकडची नाचणीची खीर केली. कोणी काही बोलले नाही. गूळ कमी पडला, एवढे मात्र आजी दोनदा म्हणाली.